उंबराचे फूल आणि उसावरचा मावा

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, "काय हो, अगदी उंबराचे फूल झालात!" उंबराची फुले फळाच्या पोटात दडलेली असतात, बाहेरून कधी दिसत नाहीत, म्हणून हा वाक्प्रचार पडला. ही दुर्मिळ फुलाची कल्पना बौद्ध ग्रंथांबरोबर चीन, कोरिया आणि जपानपर्यंत गेली. जपानीत या फुलाला 'उदोंगे' म्हणतात. आपल्या 'उदुंबर' शब्दाचेच ते रूप. तिकडे एखाद्या मूर्तीवर किंवा दिव्याच्या दांडीवर केसाइतक्या बारीक देठांच्या टोकांशी पांढुरके ठिपके डोलताना दिसले, की लोक म्हणतात उदोंगे फुलले.

ती फुले नसतात. ती एका नाजूक, हिरव्या कीटकाची अंडी असतात. आणि हे 'उंबराचे फूल' पाहण्यासाठी जपानला जाण्याची मुळीच गरज नाही. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेभोवती रुईच्या झाडावर, कपाशीच्या पानामागे, डाळिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर किंवा व्हरांड्यातल्या दिव्याजवळच्या भिंतीवर ते सापडू शकते. आपण त्याला बुरशी समजून पुसून टाकतो, एवढेच.

या कीटकाला मराठीत सर्वमान्य असे नाव नाही. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला 'क्रायसोपा' किंवा 'हिरवा जाळीदार पतंग' म्हणतात. हा पतंग नव्हे. पतंगाच्या पंखांवर खवल्यांची भुकटी असते. याचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात आणि त्यांवर शिरांचे बारीक जाळे असते. म्हणून या लेखात आपण या कीटकांना 'जाळीपंखी' म्हणू. जगात जाळीपंखी गणाच्या सुमारे सहा हजार जाती माहीत आहेत. कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट पाहत बसणारा किडा मुलांनी गवताची काडी घालून नक्कीच डिवचलेला असतो. तो याच गणातला, आपल्या क्रायसोपाचा दूरचा भाऊ.

क्रायसोपाचा प्रौढ कीटक जेमतेम दीड सेंटिमीटरचा, फिकट पोपटी असतो. बसताना पंख पाठीवर कौलारू छपरासारखे ठेवतो. डोळे सोनेरी चमकतात. ग्रीक भाषेतले 'सोने' आणि 'डोळा' हे दोन शब्द जोडूनच त्याचे नाव झाले आहे. उडणे मात्र अगदी दुबळे, फडफडत. रात्री उडणाऱ्या अशा मंद कीटकाला वटवाघळाने सहज टिपावे. पण याच्या पुढच्या पंखाच्या एका शिरेत फुगीर जागा असते आणि ती कानाचे काम करते. वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज तिने टिपला, की हा पंख मिटतो आणि दगडासारखा खाली पडतो.

अंड्याचा देठ कसा तयार होतो हे पाहण्यासारखे आहे. मादी पोटाचे टोक पानाला टेकवते, चिकट द्रवाचा एक थेंब सोडते आणि पोट वर उचलते. थेंबाचा धागा ओढला जातो, हवेत क्षणात कडक होतो आणि त्याच्या टोकावर ती अंडे ठेवते. एवढा खटाटोप कशासाठी? एक तर मुंग्या आणि इतर भक्षक सहज वर पोहोचू नयेत म्हणून. दुसरे कारण घरातलेच आहे. आधी बाहेर पडलेली अळी समोर येईल ते खाते, मग ते शेजारचे भावंडाचे अंडे का असेना. देठामुळे अंडी तिच्या वाटेत येत नाहीत.

अंडे तीन-चार दिवसांत फुटते आणि बाहेर येते ती अळी पाहून हिचा त्या नाजूक हिरव्या कीटकाशी काही संबंध असेल असे वाटत नाही. करडी-तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती, लहानशा सुसरीसारखी. तोंडापुढे विळ्यासारखे दोन बाकदार जबडे. प्रत्येक जबडा दोन भागांचा असतो आणि त्यांच्या मधून बारीक नळी जाते. मावा दिसला, किंबहुना त्याला धक्का लागला, की अळी जबडे त्याच्या अंगात खुपसते, पाचक रस आत सोडते आणि आतला विरघळलेला ऐवज शोषून घेते. मागे उरते ते रिकामे, चुरगळलेले कातडे. अळीचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. तेवढ्यात ती तीनशे ते पाचशे मावा फस्त करते असे प्रयोगशाळांतल्या मोजण्या सांगतात. शेतात तिला भक्ष्य शोधत फिरावे लागते, त्यामुळे हा आकडा तिथे जसाच्या तसा धरू नये. माव्याशिवाय पांढऱ्या माशीची पिल्ले, तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकणाची पिल्ले, बोंडअळीची अंडी असे जे मऊ अंगाचे असेल ते तिला चालते.

ही अळी एवढे खाते, पण विष्ठा टाकत नाही! तिचे जठर मागच्या आतड्याला जोडलेलेच नसते. द्रवच पीत असल्याने टाकाऊ भाग थोडा उरतो, तो आतच साठत जातो. कोषातून बाहेर पडल्यावर प्रौढ कीटक पहिल्यांदा एक काळी गोळी टाकतो. ती जन्मभराची साठवण असते. कोषाचेही असेच नवल आहे. रेशमाचा किडा तोंडाकडून धागा काढतो, ही अळी मागच्या टोकातून काढते. इतर कीटकांत मूत्रपिंडाचे काम करणाऱ्या नलिका हिच्यात शेवटी रेशीम बनवू लागतात. साबुदाण्यासारखा पांढरा, गोल कोष पानाच्या घडीत सापडतो. त्यातून आठवडाभरात प्रौढ कीटक बाहेर येतो. तो शिकारी नसतो. परागकण, मध आणि माव्याने टाकलेला चिकटा यांवर तो जगतो. शेतीच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे वळू.

चिकटा आणि त्याचे राखणदार

ज्वारीवर 'चिकटा पडला' असे पारनेर-जामखेडकडचा शेतकरी म्हणतो, तेव्हा तो माव्याबद्दलच बोलत असतो. मावा पानाच्या ज्या नलिकांतून रस शोषतो, त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिने बनवण्यास लागणारी द्रव्ये अगदी थोडी असतात. पुरेशी प्रथिने मिळवायची तर भरमसाट रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर मागून टाकून द्यावी लागते. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पान काजळी धरल्यासारखे होते आणि सूर्यप्रकाश अडतो.

या गोड द्रवासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. जाळीपंखी अळीला त्या चावे घेऊन हुसकावतात. काही जातींच्या अळ्यांनी यावर तोड काढली आहे. अमेरिकेत थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. तिथल्या एका झाडावरच्या लोकरी माव्यात राहणारी क्रायसोपाची अळी माव्याच्या अंगावरची मेणाची लोकर ओरबाडून स्वतःच्या पाठीवर पांघरते. घोंगडी पांघरून लांडगाच मेंढ्यांच्या कळपात शिरावा तसे! शास्त्रज्ञांनी ही लोकर काढून टाकली तेव्हा मुंग्यांनी त्या अळ्या ओळखल्या आणि उचलून बाहेर फेकल्या. आपल्याकडेही मॅलाडा नावाच्या जाळीपंखी कीटकांच्या अळ्या पाठीवर कचरा, कातडी, मेण असे काहीबाही वाहताना दिसतात. पानावर कचऱ्याचा ठिपका चालताना दिसला तर तो झटकू नका, भिंगातून पाहा.

लोकरी मावा आला तेव्हा

आता आपल्या जिल्ह्याच्या उसाकडे येऊ. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांवर इथला ऊस उभा राहिला. लोणीजवळ प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने या पिकाला जे बळ दिले ते सर्वांना माहीत आहे. या उसाला खोडकिडा, हुमणी यांची सवय होती. लोकरी मावा मात्र महाराष्ट्राला नवा होता. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये तो आधीपासून होता. महाराष्ट्रात तो जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला आणि पुढच्या दोनेक हंगामांत पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात पसरला. नगर जिल्हाही सुटला नाही.

पानाच्या खालच्या बाजूला, मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना, कापूस पिंजून चिकटवल्यासारखे पांढरे थर दिसू लागले. खालची पाने चिकट्याने ओली, मग काळी पडू लागली. उसाचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटले. या माव्याच्या माद्यांना पिल्ले होण्यासाठी नराची गरज नसते आणि त्या अंडी न घालता थेट पिल्लेच देतात, म्हणून संख्या झपाट्याने वाढते. पंख असलेले मावे वाऱ्याबरोबर दूर जातात. शिवाय उसाचे वाढे जनावरांना चारा म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, त्यांच्यासोबत मावाही जातो.

शेतकऱ्याने साहजिकच फवारणीचा पंप खांद्यावर घेतला. पण डोक्याच्या वर गेलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या उसात शिरायचे कसे? मावा पानाच्या खाली, त्यावर मेणाचे आवरण. औषध पोहोचणार कुठे? ज्या ठिकाणी ते पोहोचले तिथे माव्याबरोबर आणखी कोण मेले, हा प्रश्न तर फारसा कुणी विचारला नाही.

कारण त्या पांढऱ्या थरांत मावा एकटा नव्हता. त्यात डिफा नावाच्या लहान पतंगाची अळी होती. पतंगाची अळी म्हटले की ती पाने खाणारी असा आपला समज असतो. ही मावा खाते. आणि दुसरा होता मायक्रोमस इगोरोटस हा तपकिरी जाळीपंखी. क्रायसोपाचा हा चुलतभाऊ आकाराने लहान, रंगाने मातकट, वाळल्या पानाच्या तुकड्यासारखा. याची अंडी देठावर नसतात, थेट पानावर किंवा माव्याच्या लोकरीत घातलेली असतात. याची अळी अधिक सडपातळ आणि चपळ असते. शिवाय एक मोठा फरक असा, की याचा प्रौढ कीटकही मावा खातो. म्हणजे माव्याच्या वस्तीत आलेले हे कुटुंब तिथून हलत नाही. आई-बाप आणि पिल्ले एकाच ताटात जेवतात.

गेली काही दशके जैविक नियंत्रण म्हटले की आपल्याकडे हिरव्या क्रायसोपाचे नाव घेतले जाते, ते योग्यही आहे. कॉर्सायरा या तांदळावर वाढणाऱ्या पतंगाची अंडी खाऊ घालून तो प्रयोगशाळेत हजारोंनी वाढवता येतो. अडचण एकच, अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा द्यावा लागतो. वाढवणे सोपे म्हणून तो प्रसिद्ध झाला. लोकरी माव्यावर मात्र मुख्य काम केले ते डिफा आणि या अनोळखी तपकिरी भावाने. त्यांना प्रयोगशाळेतल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवणे जमण्यासारखे नव्हते. त्यांना जिवंत लोकरी मावाच हवा. मग उपाय निघाला तो असा. माव्याने भरलेला ऊस शेडनेटमध्ये वाढवायचा, त्यात हे मित्रकीटक सोडायचे आणि ते वाढले की अळ्या-कोषांसह पानांचे तुकडे कापून नव्या शेतातल्या माव्यावर अडकवायचे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले त्याचे जैविक नियंत्रण केंद्र, मांजरीची वसंतदादा साखर संस्था आणि कारखाने यांनी हे काम हाती घेतले. शिफारस हेक्टरी डिफाच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडण्याची होती आणि तिच्यासोबतची सूचना माझ्या मते आकड्यांहून मोलाची होती: जिथे हे मित्रकीटक दिसतील तिथे कीटकनाशक फवारू नका.

पुढे ईशान्य भारतातून एन्कार्शिया ही अतिसूक्ष्म परोपजीवी माशीही आणून सोडण्यात आली आणि ती इथे रुजली. काही वर्षांत लोकरी माव्याचा जोर ओसरला. तो नाहीसा झालेला नाही. ढगाळ, दमट हवेत एखाद्या शेतात अजून पांढरा थर दिसतो. पण तो थर उलगडून पाहिला तर बहुधा त्याचे भक्षकही आत असतात. हे यश कुणा एका कीटकाचे म्हणणे बरोबर होणार नाही. हवामान, डिफा, मायक्रोमस, एन्कार्शिया आणि शेतकऱ्याने आवरलेला पंप, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

सोडणे आणि टिकवणे

जाळीपंखी कीटक विकत आणून शेतात सोडले की काम झाले, असा एक समज आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस कपाशीवर क्रायसोपाच्या अळ्या सोडून बोंडअळीवर उत्तम नियंत्रण मिळवल्याचे प्रयोग फार गाजले. पण तिथे अळ्या सोडल्या होत्या एकरी लाखोंनी. तेवढ्या आपल्या शेतकऱ्याने कुठून आणायच्या? आणि आणल्या तरी अळीचा कोष होऊन प्रौढ कीटक निघाला, की तो मावा खाणार नाही, परागकण आणि मध शोधत फिरणार. बांधापर्यंत तणनाशक मारलेल्या, एकच पीक असलेल्या शेतात त्याला ते मिळाले नाही तर तो उडून जातो. कपाशीत चवळीची किंवा मक्याची ओळ, बांधावर झेंडू, बडीशेप, कोथिंबिरीचे फुलावर आलेले चार वाफे, एवढ्याने तो थांबतो आणि तिथेच अंडी घालतो. चवळीवर येणारा काळा मावा पाहून घाबरायला नको. कपाशीवर कीड वाढेपर्यंत भक्षकांची पंगत तो सांभाळतो.

आता थोडे नावाबद्दल. भारतातल्या क्रायसोपाला वर्षानुवर्षे 'क्रायसोपर्ला कार्निया' म्हटले गेले. कितीतरी पत्रकांत आजही तेच छापलेले असते. हे नाव मुळात युरोपातल्या कीटकाचे. अमेरिकेतले चार्ल्स हेन्री यांच्या लक्षात आले, की दिसायला अगदी सारखे असलेले हे कीटक गाण्यावरून वेगळे ओळखता येतात. नर आणि मादी पोट थरथरवतात. आवाज हवेत उमटत नाही, पण पाय रोवलेले पान थरथरते आणि ती थाप दुसऱ्याला पायांतून कळते. दोघांच्या थापेचा ताल जुळला तरच मीलन होते. म्हणजे ताल वेगळा तर जात वेगळी. हेन्री, बंगळूरच्या कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेतले टी. वेंकटेशन आणि इतरांनी भारतीय कीटकांची ही थाप तपासून २०१० साली दाखवून दिले, की आपल्या पिकांवरचा हा कीटक 'क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी' आहे. त्याचे जवळचे नातलग दक्षिण आफ्रिकेत आहेत, युरोपात नव्हेत. तेव्हा युरोपातल्या कीटकावर झालेल्या प्रयोगांचे आकडे आपल्या उन्हाळ्याला लावण्यापूर्वी विचार करावा लागतो.

वर्गात काय करता येईल

पावसाळ्यानंतर रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा हमखास असतो. त्यात विळ्यासारख्या जबड्यांची अळी किंवा देठावरचे अंडे शोधायला मुलांना सांगावे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत. एका लहान बाटलीत एकच अळी ठेवावी, तोंडाला पातळ कापड बांधावे. रोज मोजून पंचवीस मावे घालावेत, दुसऱ्या दिवशी उरलेले आणि शोषलेली कातडी मोजावीत. सगळे संपले तर पुढच्या दिवशी संख्या दुप्पट करावी. अळीने दोनदा कात टाकल्यावर आकडा एकदम चढतो, तो आलेख मुलांनी स्वतः काढावा. एखाद्या बाटलीत मुद्दाम दोन अळ्या आणि मोजकेच मावे ठेवून काय होते तेही पाहावे.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्या मुलांनी लोकरी माव्याचा थर असलेल्या पानाचा एक तुकडा कागदी पिशवीत आणावा आणि कोरड्या कुंचल्याने लोकर बाजूला सारून आत कोण आहे ते भिंगातून पाहावे. डिफाची अळी, मायक्रोमसची अळी, रेशमी कोष, मातकट प्रौढ, जे सापडेल त्याची गाव आणि तारखेसह वहीत नोंद करावी; शेतावर फवारणी केव्हा झाली होती तेही वडिलांना विचारून त्याच ओळीत लिहावे. पाहून झाल्यावर तो तुकडा कचऱ्यात न टाकता, ज्या शेतातून आणला तिथेच उसाच्या पानात परत अडकवावा.